शेंदूर, गंज आणि काचेचे मणी

आई सांगलीहून पहिल्यांदाच ऑकलंडला आली होती. विमानाचा शीण गेल्यावर तिने घराची पाहणी सुरू केली आणि तिसऱ्या दिवशी गॅरेजपर्यंत पोचली. तिथे वर्कबेंचवर एका जुन्या मोटरसायकलचे सुटे भाग मांडलेले होते. तिने मडगार्डचा ब्रॅकेट उचलला, नखाने थोडं खरवडलं आणि म्हणाली, "अगं, ह्याला मारुतीचा शेंदूर कोणी फासलाय?"

मी हसले. आणि मग हसू जिथल्या तिथे थांबलं.

मी साहित्यविज्ञानात पीएचडी केली आहे. पृष्ठभागांचं रसायनशास्त्र हे माझं रोजचं काम. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, तीन अणू शिशाचे आणि चार ऑक्सिजनचे, हे मला शाळेपासून पाठ आहे. लोखंडाला गंज लागू नये म्हणून जुन्या काळी जो लालभडक प्रायमर मारत, तो 'रेड लेड' म्हणजे तोच शेंदूर, हेही माहीत होतं. तरीही सलग तीन शनिवार मी तो रंग पॉलिश पेपरने कोरडाच घासत होते. आणि माझी अडीच वर्षांची लेक तिथेच जमिनीवर बसून नट-बोल्ट डब्यात भरायचं 'काम' करत होती.

हा लेख घरगुती ब्लास्टिंग कॅबिनेट कसं निवडावं आणि कसं वापरावं ह्याबद्दल आहे. पण त्याची सुरुवात इथून झाली, म्हणून आधी हे सांगितलं.

गाडी कुणाची?

शेजारच्या आजोबांची. वय ऐंशीच्या पुढे, बालपण वाइकाटोतल्या दुधाच्या फार्मवर गेलेलं. त्यांच्या वडिलांची बीएसए बँटम शेडमध्ये चाळीस-एक वर्षं पडून होती. १९४८ साली ब्रिटनमध्ये आलेली ही छोटी टू-स्ट्रोक गाडी. तिचं मूळ डिझाइन जर्मन डीकेडब्ल्यू कंपनीचं, युद्धानंतर नुकसानभरपाई म्हणून मिळालेलं. न्यूझीलंडच्या शेतांवर अशा गाड्या भरपूर राबल्या. आजोबांच्या वडिलांनी गंज दिसला की गोठ्याच्या पत्र्याला मारून उरलेला प्रायमर ब्रशने तिलाही मारला होता. त्या लाल थराखाली कारखान्यातला मूळ फिकट हिरवा रंग अजून शिल्लक होता.

आजोबांच्या बोटांना आता संधिवात आहे. "तुला जमतंय का बघ," एवढंच ते म्हणाले. मला सांगलीतली बाबांची चेतक आठवली. दर दिवाळीआधी बाबा तिचे भाग रॉकेलमध्ये बुडवून तारेच्या ब्रशने घासायचे आणि मी शेजारी बसायचे. मी लगेच हो म्हटलं.

आईच्या त्या वाक्यानंतर सोमवारी मी ब्रॅकेट प्रयोगशाळेत नेला. एक्स-रे फ्लुओरेसन्सच्या हातातल्या यंत्राने काही सेकंदांत शिसं दाखवलं, आणि ते थोडंथोडकं नव्हतं. त्याच आठवड्यात लेकीची आणि माझी रक्ततपासणी झाली. न्यूझीलंडमध्ये रक्तातलं शिसं लिटरला ०.२४ मायक्रोमोल किंवा जास्त निघालं तर आरोग्य खात्याला कळवावं लागतं. २०२१ पर्यंत ही मर्यादा ह्याच्या दुप्पट होती. लेकीचा आकडा ०.१९ आला, माझा ०.२१. म्हणजे मर्यादेच्या खाली. पण शिशाच्या बाबतीत लहान मुलांसाठी सुरक्षित म्हणावी अशी कोणतीच पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 'मर्यादेच्या खाली' हे शब्द त्या रात्री फारसे कामाला आले नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलेला उपाय साधा होता: स्रोत बंद करा. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं. गॅरेज ओल्या फडक्याने पुसून घेतलं, लेकीला तिथे बंदी झाली आणि मी कोरडं घासणं कायमचं सोडलं. गाडी मात्र अर्धवट उघडी पडली होती आणि शब्द दिलेला होता.

वाऱ्यावरची वाळू

वाऱ्याबरोबर उडणारी वाळू दगड झिजवते, हे निसर्गात सतत चालू असतं. इथल्या उत्तर बेटावर वाइटोटाराच्या किनाऱ्याला वाळूने तासलेले, धारदार कडांचे दगड सापडतात. १८७० साली फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्गमन ह्यांनी हीच गोष्ट यंत्राने करण्याचं पेटंट घेतलं आणि सँडब्लास्टिंग जन्माला आलं.

नावातली 'सँड' हीच पुढे जीवघेणी ठरली. वाळू म्हणजे बहुतेक गारगोटी, स्फटिकी सिलिका. कण धातूवर आदळला की फुटतो आणि त्याचे अतिसूक्ष्म तुकडे हवेत तरंगतात. चार मायक्रॉनच्या आसपासचे आणि त्याहून बारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. तिथे पेशी त्यांना गिळायला जातात आणि स्वतःच मरतात; त्या जागी व्रण होत जातात. हाच सिलिकोसिस. तो बरा होत नाही. १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने स्फटिकी सिलिकाची धूळ माणसात कर्करोग घडवणारी म्हणून पहिल्या गटात टाकली.

आपल्याला हा आजार परका नाही. लहानपणी पाटीवर ज्या पेन्सिलीने आपण अक्षरं गिरवली, त्या बनवणाऱ्या मंदसौरच्या कामगारांमध्ये सिलिकोसिसने थैमान घातलं होतं. खंभातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांचीही तीच कथा. तुर्कस्तानात जीन्सला 'जुनी' दिसवण्यासाठी वाळूचा मारा करणारी तरुण मुलं ह्याने मेली आणि २००९ साली तिथे त्यावर बंदी आली. ब्रिटनने वस्तू साफ करण्याच्या ब्लास्टिंगमध्ये वाळू वापरायला १९४९ च्या नियमांनीच मनाई केली. न्यूझीलंडमध्ये ब्लास्टिंगसाठी वेगळे नियम १९५८ साली आले.

तरीही, मंडळी, "बीचवर फुकट वाळू आहे की!" हे वाक्य तुम्हाला इथे कोणीतरी ऐकवेलच. ऑकलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची काळी वाळू तर लोहमिश्रित आणि जड, त्यामुळे मोह आणखी होतो. पण त्या वाळूत इतर खनिजं मिसळलेली असतात आणि समुद्राचं मीठही. मीठ धातूच्या खाचांत बसलं की रंगाखालून गंज परत येतो. फुफ्फुसांसाठीही नको आणि लोखंडासाठीही नको.

कॅबिनेटमध्ये असतं काय?

एक बंद पेटी. समोर काच, दोन भोकांना बसवलेले लांब रबरी हातमोजे, आत बंदूक, तळाला नरसाळ्यासारखा उतार आणि धूळ ओढायला एक नळी. घरगुती कॅबिनेटमध्ये बहुधा सायफन पद्धत असते: बंदुकीतून वेगाने जाणारी हवा दाब कमी करते आणि तळाचे कण नळीतून वर ओढले जातात. अत्तराच्या फवाऱ्याचंच तत्त्व. ह्यापेक्षा जोरदार 'प्रेशर पॉट' पद्धत असते, पण तिला हवा जास्त लागते आणि घरच्या कामाला ती क्वचितच गरजेची असते.

विकत घेताना बहुतेकजण पेटी बघतात. माझं म्हणणं आहे, आधी कॉम्प्रेसर बघा.

इथल्या घरातल्या साध्या सॉकेटमधून २३० व्होल्टला १० अँपिअर मिळतात, म्हणजे २.३ किलोवॉट. त्यावर चालणारा कॉम्प्रेसर किती हवा देईल ह्याला तिथेच लगाम बसतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आकडा पुष्कळदा सिलिंडरने ओढलेल्या हवेचा असतो; प्रत्यक्ष बाहेर येणारी हवा, 'फ्री एअर डिलिव्हरी', त्याहून बरीच कमी असते. माझा कॉम्प्रेसर मिनिटाला साधारण १५० लिटर देतो.

आता बंदुकीकडे या. तिच्या आतल्या हवेच्या जेटचा व्यास ३ मिलिमीटर आणि दाब साडेपाच बार असेल, तर वायूच्या गणितानुसार मिनिटाला जास्तीत जास्त सुमारे ५४० लिटर हवा निघून जाते. जेट २ मिलिमीटरचा असेल तर सुमारे २४० लिटर. व्यास दीडपट, हवा सव्वादोन पट.

माझी टाकी ५० लिटरची. ती ८ बारवरून साडेपाचवर येईपर्यंत सुमारे १२५ लिटर मोकळी हवा देते. ३ मिलिमीटरच्या जेटला मिनिटाला ३९० लिटरची तूट पडते, म्हणजे जेमतेम वीस सेकंदांत दाब घसरायला लागतो. २ मिलिमीटरला तूट ९० लिटरची, म्हणून जवळजवळ दीड मिनिट काम होतं. माझ्या पहिल्या बंदुकीत मोठा जेट होता आणि मी पंधरा दिवस "कॅबिनेटच भिकार आहे" असं म्हणत बसले. कॅबिनेट ठीक होतं, माझा भागाकार चुकला होता.

जेट झिजतो हेही लक्षात ठेवा. व्यास दहा टक्के वाढला की हवा एकवीस टक्के जास्त लागते. कणांच्या वाटेतला नॉझल त्याहून लवकर झिजतो. सिरॅमिकचा स्वस्त पण लवकर जातो, बोरॉन कार्बाइडचा महाग पण टिकतो.

दुसरी अडचण पाण्याची. ऑकलंडची हवा दमट. २० अंशांना ८० टक्के आर्द्रता धरली तर एका घनमीटर हवेत जवळपास १४ ग्रॅम बाष्प असतं. ती हवा नऊपट दाबून पुन्हा गार केली की त्यातलं सुमारे १२ ग्रॅम पाणी होऊन बाहेर पडतं. माझा कॉम्प्रेसर तासभर चालला तर शंभर ग्रॅमपेक्षा जास्त, म्हणजे अर्धा कप. हे पाणी बंदुकीत आलं की कणांचा लगदा होतो आणि नळी तुंबते. म्हणून टाकीचा खालचा वॉल्व रोज उघडून पाणी काढा आणि पाणी अडवणारा फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून न लावता काही मीटर नळीनंतर लावा, जिथे हवा गार झालेली असते. गरम हवेतलं बाष्प फिल्टरला सापडत नाही.

पेटीचा आकार ठरवायला तुमच्या कामातला सगळ्यात मोठा भाग मोजा आणि तो आत फिरवायला हाताला जागा धरा. मोटरसायकलची फ्रेम घरगुती पेटीत जात नाही. फ्रेमसाठी पेटी मोठी घेण्यापेक्षा फ्रेम व्यावसायिकाकडे देणं स्वस्त पडतं. ट्रेड मीवर जुनं कॅबिनेट घेणार असाल तर आत दिवा लावून गॅरेज अंधारं करा आणि सांध्यांतून उजेड दिसतो का बघा. जिथून उजेड येतो तिथून धूळही येते. सांधे सिलिकॉन सीलंटने बंद करता येतात. हातमोज्यांना चीर नाही ना तेही बघा.

कोणते कण?

काचेचे मणी: गोल आणि स्फटिकी नसलेल्या काचेचे. ते धातू कापत नाहीत, ठोकतात. कार्ब्युरेटरचं झाकण, इंजिनची अ‍ॅल्युमिनियमची बाहेरची झाकणं ह्यांना तीन ते चार बार दाबात सुंदर मंद चकाकी येते. मात्र ह्या गुळगुळीत पृष्ठभागावर रंग नीट पकड घेत नाही.

गार्नेट: नवरत्नांच्या अंगठीतला गोमेद ह्याच खनिजकुटुंबातला. कठीण, टोकदार, जड. पश्चिम ऑस्ट्रेलियात त्याच्या मोठ्या खाणी आहेत आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वाळूतही तो सापडतो. लोखंडावरचा गंज काढून रंगासाठी खरखरीत पृष्ठभाग तयार करायला मी हाच वापरते. पिशवीवरच्या माहितीपत्रकात मुक्त सिलिकाचं प्रमाण एक टक्क्यापेक्षा कमी आहे ना, हे बघून घ्या.

अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड: आपला कुरुंद. माणिक आणि नीलम रासायनिकदृष्ट्या हेच. फार कठीण, झपाट्याने कापतो, पुन्हा पुन्हा वापरता येतो. पण समोरची काच आणि नॉझल दोन्ही लवकर खातो.

अक्रोडाच्या सालीचा भुगा किंवा सोडा: नाजूक भागांसाठी, जिथे धातूला हात न लावता फक्त मळ काढायचा आहे.

बंदूक भागापासून वीतभर अंतरावर आणि सरळ न धरता तिरकी, पंचेचाळीस ते साठ अंशांत धरा. सरळ धरली तर उसळलेले कण येणाऱ्यांना अडवतात आणि काचेवरही येतात. पातळ पत्र्यावर एका जागी थांबू नका. कणांचा मार पृष्ठभाग ताणतो आणि पत्रा वाकतो.

मी गमावलेला बेअरिंग

कणांचा खरा धोका काम संपल्यावर असतो. शंभर-दोनशे मायक्रॉनचे मणी बोल्टच्या आट्यांत, तेलाच्या वाटांत, आंधळ्या भोकांत लपून बसतात. मी इंजिनच्या केसिंगचा अर्धा भाग बेअरिंग आत असतानाच, वर टेप लावून ब्लास्ट केला. टेपची कड उचलली गेली. नंतर बेअरिंग हाताने फिरवला तेव्हा जात्यात खडा यावा तसा आवाज आला. तो बेअरिंग टाकून द्यावा लागला. केसिंग वाचलं, कारण इंजिन जोडायच्या आधी हे कळलं.

तेव्हापासून नियम: बेअरिंग, सिलिंडरची आतली भिंत, क्रँक आणि कार्ब्युरेटरच्या बारीक वाटा कॅबिनेटमध्ये जात नाहीत. जे भाग जातात ते आधी ग्रीस काढून पूर्ण वाळवायचे, कारण तेलकट भाग सगळे कण खराब करतो. भोकांना रबरी बुचं लावायची. नंतर गरम साबणपाण्यात धुवायचं, प्रत्येक आट्यातून टॅप फिरवायचा, हवा मारायची आणि पुन्हा धुवायचं.

आणि ब्लास्ट केलेलं लोखंड उघड्या हाताने धरू नका. बोटांच्या घामातलं मीठ पुरेसं असतं. इथल्या समुद्री हवेत ते काही तासांत तांबूस पडतं. प्रायमर त्याच दिवशी मारा.

धूळ, पुन्हा धूळ

कॅबिनेट बंद असलं तरी ते धूळ थांबवत नाही, फक्त एका जागी ठेवते. काम संपताच झाकण उघडलं तर सगळं तुमच्या तोंडावर येतं. साधं गणित आहे: खनिजाचा चार मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला एक मिलिमीटरच्या आसपास खाली येतो. दीड मीटर उतरायला त्याला वीस मिनिटं लागतात. एक मायक्रॉनच्या कणाला पाच तास. धूळ 'खाली बसली' असं आपल्याला दिसतं, ते फक्त मोठ्या कणांबद्दल असतं.

म्हणून ब्लास्टिंग चालू असताना हवा ओढणारा व्हॅक्यूम सतत चालू ठेवा. त्याच्या आधी चक्रीवादळासारखा फिरवून जड धूळ वेगळी करणारा सायक्लोन आणि शेवटी हेपा फिल्टर असू द्या. घरचा साधा व्हॅक्यूम नको. तो बारीक धूळ मागून पुन्हा खोलीत सोडतो. बंदूक थांबवल्यावर काही मिनिटं व्हॅक्यूम चालू ठेवून मगच झाकण उघडा. तोंडावर नीट बसणारा पी-टू मास्क, कानाला इअरमफ. पेटीला अर्थिंगची तार जोडा, नाहीतर घर्षणाने साठलेली वीज बोटांना चटके देते. कपडे गॅरेजमध्येच बदला आणि वेगळे धुवा.

हे सगळं करूनही एक गोष्ट मी कॅबिनेटमध्ये करत नाही: शिशाचा रंग काढणं. फिल्टर, हातमोजे, कण, सगळंच विषारी होऊन बसतं आणि प्रत्येक पिशवी बदलताना तो विषय पुन्हा निघतो. बँटमचे छोटे भाग मी रंग काढणारी जेल लावून, ओलेच, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये खरवडले. तो गाळ डबाबंद करून कौन्सिलच्या घातक कचऱ्याच्या सोयीत दिला. नाल्यात नाही आणि लाल झाकणाच्या बिनमध्येही नाही. फ्रेम व्यावसायिकाकडे गेली, रंगात शिसं आहे हे आधी सांगून. कॅबिनेटमध्ये गेलं ते फक्त उघडं, गंजलेलं लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम. १९८० च्या आधीचा कोणताही रंग, मग तो गाडीचा असो, गेटचा असो किंवा तुम्ही नुकत्याच घेतलेल्या जुन्या व्हिलाच्या खिडकीचा, तपासल्याशिवाय घासू नका.

स्वतःचं कॅबिनेट घेण्याआधी एकदा दुसऱ्याचं वापरून बघा. बऱ्याच गावांत मेन्झ शेड असतात, व्हिंटेज कार क्लबच्या शाखा असतात. तिथली मंडळी एक कप चहाच्या बदल्यात तासभर शिकवतात.

तीन महिन्यांनी लेकीची पुन्हा तपासणी झाली. आकडा ०.०७. फोनवर आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मारुतीला नारळ फोडते." मी म्हटलं, "फोड, पण शेंदूर हाताला लागला तर धुऊन टाक."

बँटम मागच्या महिन्यात सुरू झाली. आजोबांनी स्वतः किक मारायचा हट्ट धरला. तिसऱ्या किकला इंजिनाने आवाज दिला आणि गल्लीभर निळसर धूर झाला. लेक माझ्या कडेवर होती, गॅरेजच्या दाराबाहेर. तिथे खडूने एक रेघ मारलेली आहे आणि ती ओलांडायची नाही हे तिला माहीत आहे. एक ब्रॅकेट मात्र मी तसाच ठेवलाय, लाल रंगासकट, जाड पिशवीत सील करून, उंच फळीवर. त्यावर मार्करने लिहिलंय: शेंदूर.